सेलममध्ये चिता पेटलीच नव्हती : प्रबोधन शिबिरांतील वक्त्यांना खुले पत्र

प्रति,
जादूटोणाविरोधी शिबिरांतून बोलणारे वक्ते, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षक आणि पोस्टर प्रदर्शने तयार करणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या व्याख्यानांत सेलमचा दाखला हमखास येतो. तो साधारण असा असतो : 1692 साली अमेरिकेतल्या अडाणी लोकांनी शेकडो बायकांना चेटकिणी ठरवून जिवंत जाळले, म्हणजे अंधश्रद्धा ही काही आपल्याच खेड्यापाड्यांची मिरास नाही. मागच्या पडद्यावर ज्वाळांचे चित्र असते. हेतूबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण या एका वाक्यात ‘अडाणी’, ‘शेकडो’, ‘बायका’ आणि ‘जाळले’ हे चारही शब्द चुकीचे आहेत, आणि त्यांतला पहिला शब्द सर्वांत जास्त नुकसान करतो. म्हणून हे पत्र.

आधी आकडे. सेलममध्ये कोणालाही जाळले नाही. मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत. इंग्लंडच्या 1604 च्या कायद्यानुसार चेटूक हा फौजदारी गुन्हा होता, धर्मद्रोह नव्हे, त्यामुळे शिक्षा फाशीची. जाळण्याची चित्रे युरोप खंडातली आणि स्कॉटलंडमधली आहेत. 10 जून, 19 जुलै, 19 ऑगस्ट आणि 22 सप्टेंबर अशा चार दिवशी मिळून 19 जण फासावर गेले, त्यांत 14 स्त्रिया आणि 5 पुरुष. विसावा जाइल्स कोरी. त्याने न्यायालयापुढे आपला खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, म्हणून छातीवर दगड रचून त्याला चिरडले. किमान पाच जण तुरुंगात मेले, त्यांत आरोपी सारा गुडचे तान्हे बाळ होते. आरोप झालेले दीडशे ते दोनशे. आणि सर्वाधिक आरोपी सेलमचे नव्हते, शेजारच्या ॲन्डोव्हरचे होते.

आता ‘अडाणी’. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन हार्वर्डचा पदवीधर होता आणि पुढे ऑक्सफर्डला राहून आलेला होता. ज्यांच्या सल्ल्याने न्यायालय चालत होते ते पाद्री त्या वसाहतीतले सर्वांत जास्त शिकलेले लोक. उलट, आरोप फेटाळणारे, शेजाऱ्यांसाठी अर्जावर सह्या करणारे पुष्कळसे लोक साधे शेतकरी होते. सत्तरी ओलांडलेल्या रिबेका नर्सच्या चांगल्या वागणुकीची ग्वाही देणाऱ्या अर्जावर 39 जणांनी सह्या केल्या, तेही असा अर्ज करणाऱ्यावर दुसऱ्या दिवशी संशय येऊ शकत होता अशा काळात.

तुम्ही म्हणाल, शिकलेले असोत की नसोत, चेटकावर विश्वास तर सगळ्यांचाच होता ना? होता. मुद्दा तिथेच आहे. विश्वास सगळीकडे होता, वर्षानुवर्षे होता, आणि तरीही बहुतेक वर्षी कोणी फासावर जात नव्हते. जी गोष्ट कायम असते ती एका वर्षी अचानक वीस माणसे मारत नाही. त्या वर्षी काय बदलले, हे विचारावे लागते.

याची तपासणी करायला दोन उदाहरणे आहेत आणि दोन्ही तुमच्या व्याख्यानात यायला हवीत असे आम्हाला वाटते.

पहिले कनेक्टिकटचे. शेजारचीच वसाहत, तेच प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट) लोक, तोच बायबलचा आधार, तेच 1692 साल. स्टॅमफर्ड गावात कॅथरिन ब्रँच नावाच्या मोलकरीण मुलीला झटके येऊ लागले आणि तिने गावातल्या अनेक बायकांची नावे घेतली. एलिझाबेथ क्लॉसन आणि मर्सी डिस्बरो यांच्यावर खटला उभा राहिला. दोघींना पाण्यात टाकून पाहिले, दोघी तरंगल्या, म्हणजे लोकमताप्रमाणे दोषी ठरल्या. पण क्लॉसनच्या बाजूने 76 शेजाऱ्यांनी सही केली. न्यायाधीशांनी पाद्र्यांचे मत मागवले. पाद्र्यांनी कळवले की पाण्याची परीक्षा बेकायदा आहे आणि त्या मुलीच्या झटक्यांत सोंग असू शकते. क्लॉसन सुटली. डिस्बरोला ज्यूरीने दोषी धरले, पण पुढच्या वर्षी तिची शिक्षाही रोखली गेली. फाशी एकही नाही. ही वसाहत काही जन्मतः शहाणी नव्हती. 1647 पासून तिने चेटकाच्या आरोपावरून एकूण 11 जणांना फाशी दिले होते. मात्र 1662-63 मधल्या हार्टफर्डच्या प्रकरणानंतर तिथे पुराव्याचे नियम कडक झाले आणि फाशी थांबली. विश्वास तसाच राहिला.

दुसरे उदाहरण खुद्द मॅसॅच्युसेट्सचे, आणि ते जास्त बोलके आहे. 1692 च्या उन्हाळ्यात सेलमच्या विशेष न्यायालयात ज्यांचा खटला पूर्ण चालला त्यांतला एकही निर्दोष सुटला नाही. ते न्यायालय ऑक्टोबरअखेर बंद पडले आणि जानेवारी 1693 मध्ये नव्या वरिष्ठ न्यायालयाने उरलेले खटले हाती घेतले. न्यायाधीश पाच. त्यांतले चार जुनेच : स्टाउटन, स्यूअल, विन्थ्रॉप आणि रिचर्ड्स. आरोपी त्याच लाटेतले, साक्षीदारही बरेचसे तेच. बदलला तो मुख्यतः एक नियम. आरोपीची ‘छाया’ येऊन छळते, ही साक्ष आता ग्राह्य नव्हती. आणि जवळजवळ सगळे सुटले. तिघींना दोषी ठरवले, त्यांनाही गव्हर्नरने फाशी होऊ दिली नाही. त्या तीन महिन्यांत कोणाचे प्रबोधन झाले नव्हते.

ही छायेची साक्ष नीट समजावून सांगा, कारण सगळे यंत्र तिच्यावर चालत होते. समजूत अशी की सैतानाशी करार केलेली व्यक्ती आपले छायारूप पाठवून माणसाला चावते, चिमटे काढते, गळा दाबते. ते रूप फक्त पीडिताला दिसते. आरोपी त्या वेळी दहा मैलांवर घरात झोपलेली असली तरी फरक पडत नाही, उलट तेच चेटकाचे लक्षण. म्हणजे बचावाची जी सर्वांत साधी वाट, ‘मी तिथे नव्हते’, तीच बंद. धर्मशास्त्रातही यावर वाद होता : सैतान निरपराध माणसाचेही रूप घेऊ शकतो का? घेऊ शकत असेल तर साक्ष निरुपयोगी. स्टाउटनचे मत पक्के होते की देव तसे होऊ देणार नाही. एका माणसाच्या या एका मताची किंमत वीस जणांनी मोजली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कागदावरची रीत अशी होती. कोणीतरी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची. सेलमचे जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन वॉरंट काढायचे. मग चौकशी, आणि इथे पहिली चूक : ही चौकशी बंद खोलीत न होता गावच्या प्रार्थनागृहात, भर गर्दीत व्हायची, झटके येणाऱ्या आणि आरोपींची नावे घेणाऱ्या पीडित मुलींना आरोपीसमोर बसवून. आरोपीने ओठ चावला की मुली ओरडायच्या, आम्हाला चावले. तिने मान वळवली की त्यांच्या माना वळायच्या. हॅथॉर्नचे प्रश्न आरोपी दोषी आहे असे धरूनच सुरू व्हायचे : तुझा कोणत्या दुष्ट आत्म्याशी संबंध आहे? मग तुरुंग. त्यानंतर आरोप निश्चित करणारी मोठी ज्यूरी, त्यानंतर निकाल देणारी बारा जणांची ज्यूरी, मग शिक्षा, मग मृत्यूचे वॉरंट. आरोपीला वकील नाही. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला तो मिळतच नसे. त्याच्या बाजूच्या साक्षीदारांना शपथही दिली जात नसे, त्यामुळे त्यांच्या बोलण्याचे वजन कमी.

यातली खरी मेख आरोपपत्रांत आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. अनेक आरोपपत्रांत गुन्ह्याची तारीख म्हणून चौकशीचीच तारीख घातलेली आहे. रिबेका नर्सची चौकशी 24 मार्चला झाली, आणि आरोपही हाच की 24 मार्चला तिने अमक्या मुलीला छळले. देहदंडाच्या गुन्ह्याला दोन साक्षीदार लागत. प्रार्थनागृहात शेकडो लोकांसमोर मुली किंचाळत असताना साक्षीदारांना काय तोटा? तपास करण्याच्या कृतीतूनच गुन्हा घडवला गेला आणि त्याच कृतीतून पुरावाही तयार झाला. ज्यांना पोलीस तपासाची कागदपत्रे वाचायची सवय आहे अशा कार्यकर्त्यांना हे लगेच कळेल.

नर्सच्या खटल्यात ज्यूरीने आधी ‘निर्दोष’ असा निकाल दिला होता. मुलींनी आरडाओरडा केला. स्टाउटनने ज्यूरीला तिच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करायला सांगितले. कबुली दिलेल्या एका कैदी बाईबद्दल ती ‘ही तर आमच्यातलीच’ अशा अर्थाचे काही बोलली होती. ‘आमच्यातली’ म्हणजे सोबतची कैदी की सोबतची चेटकीण? खुलासा विचारला तेव्हा ती गप्प राहिली. तिला ऐकू कमी येत होते. ज्यूरीने निकाल फिरवला. 19 जुलैला ती फासावर गेली.

आता राजकारण. इथे थोडा वेळ द्यावाच लागेल, कारण ‘विशेष न्यायालय मुळात का होते?’ या प्रश्नाचे उत्तर चेटकात मिळत नाही.

मॅसॅच्युसेट्सची वसाहत 1629 च्या सनदेवर उभी होती. त्या सनदेने तिला जवळजवळ स्वराज्य दिले होते. 1684 मध्ये लंडनने ती सनद रद्द केली. 1686 मध्ये आजूबाजूच्या वसाहती एकत्र करून त्यांच्यावर सर एडमंड अँड्रॉस हा गव्हर्नर बसवला. त्याने ग्रामसभा वर्षातून एकदाच भरवायचा दंडक घातला आणि जुन्या जमिनींचे हक्कपत्र नव्याने घ्या, असा धोशा लावला. कसत्या जमिनीच्या मालकीवरच प्रश्नचिन्ह लागले म्हणजे गावोगाव काय होते ते मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये राजा बदलल्याची खबर आली तशी 18 एप्रिल 1689 ला बोस्टनकरांनी अँड्रॉसला पकडून कोठडीत टाकले. मग तीन वर्षे हंगामी सरकार. त्याच्या डोक्यावर वयाच्या नव्वदीकडे झुकलेले सायमन ब्रॅडस्ट्रीट आणि हातात कोणतीही सनद नाही. पाद्री इन्क्रीज मॅदर लंडनला जाऊन वाटाघाटी करत होते.

सेलमच्या पहिल्या अटका 29 फेब्रुवारी 1692 च्या वॉरंटांवर झाल्या, म्हणजे नेमक्या या पोकळीत. अटक करता येत होती, चौकशी होत होती, पण देहदंडाचा खटला चालवायला निर्विवाद अधिकाराचे न्यायालय नव्हते. एरवी पहिली दोन-तीन प्रकरणे महिन्याभरात न्यायालयापुढे गेली असती, कदाचित कोणी सुटले असते, आणि गाव शांत झाले असते. इथे मार्च गेला, एप्रिल गेला, तुरुंग भरत राहिले आणि प्रत्येक नव्या कैद्यामागे नवी नावे येत राहिली. तुंबलेल्या गटारासारखी ही गोष्ट आहे. घाण नेहमीचीच, निचरा बंद झालेला.

14 मे ला नवा गव्हर्नर सर विल्यम फिप्स नवी सनद घेऊन बोस्टनला उतरला. 27 मे ला त्याने नऊ न्यायाधीशांचे विशेष न्यायालय नेमले. नव्या सनदेप्रमाणे न्यायालये स्थापण्याचा अधिकार विधिसभेचा होता आणि तिची बैठक व्हायची होती. नऊ जणांत एकही प्रशिक्षित कायदेपंडित नव्हता. व्यापारी, जमीनदार, लष्करी अधिकारी असे ते लोक. पुष्कळसे नव्या गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातलेच, म्हणजे सत्ता आणि न्याय एकाच घरात. ब्रिजेट बिशप या बाईला 10 जूनला फाशी दिल्यानंतर नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल न्यायाधीशपद सोडून गेला. न्यायाधीशांत हॅथॉर्न आणि कॉर्विनही होते, तेच दोघे ज्यांनी प्राथमिक चौकश्या केल्या होत्या. तपासणारा आणि निवाडा करणारा एकच.

नव्या सरकारला आपण ठाम आहोत हे दाखवायची गरज होती, आणि त्यामागे युद्ध होते. 1688 पासून उत्तर सीमेवर, आजच्या मेन राज्यात, वाबानाकी आदिवासी आणि त्यांचे फ्रेंच मित्र यांच्याशी लढाई चालू होती. मे 1690 मध्ये फॅलमथचा लॉयल किल्ला पडला. त्याच वर्षी फिप्सने क्वेबेकवर नेलेली मोहीम सपशेल फसली आणि सैनिकांचे पगार भागवायला वसाहतीला कागदी चलन छापावे लागले. जानेवारी 1692 मध्ये यॉर्क गाव बेचिराख झाले. सेलममध्ये झटके येणाऱ्यांपैकी मर्सी लुईस ही त्याच सीमेवरून आलेली अनाथ मोलकरीण होती. साक्षींमध्ये सैतान वारंवार ‘काळा माणूस’ म्हणून येतो, आणि काही जबान्यांत तो थेट सीमेवरच्या आदिवासी शत्रूसारखा दिसतो. याच न्यायाधीशांपैकी काहींनी सीमेच्या संरक्षणाचे निर्णय घेतले होते. सीमा का पडली, याचे ‘सैतानाची फौज आत शिरली’ हे उत्तर त्यांना सोयीचे होते, असे काही अभ्यासक मांडतात. आम्हाला ते पटते, मात्र सगळा भार त्यावर टाकू नये. ॲन्डोव्हरच्या चाळीसहून अधिक आरोपींचा उलगडा एकट्या सीमायुद्धाने होत नाही.

आणि मग खालचा थर, गावकी-भावकीचा. हा भाग तुमच्या श्रोत्यांना सर्वांत जवळचा वाटेल.

सेलम दोन होती. एक बंदराचे सेलम शहर, आणि एक आतले शेतकऱ्यांचे सेलम गाव, जे आज डॅन्व्हर्स म्हणून ओळखले जाते. गाव शहराच्या ताब्यात. कर शहराला, पहारा शहरात. त्यासाठी पाच ते दहा मैल चालत जावे लागते अशी तक्रार शेतकऱ्यांनी 1667 मध्येच केली होती. 1672 मध्ये गावाला स्वतःचा पाद्री ठेवण्याची परवानगी मिळाली, पण स्वतःची पूर्ण ग्रामसत्ता मिळाली नाही. म्हणजे भांडणे होणार, आणि ती मिटवायला अधिकाराचे कोणी नाही. सोळा वर्षांत तीन पाद्री आले आणि गेले. चौथा सॅम्युएल पॅरिस, 1689 मध्ये. त्याचा पगार वर्षाला 66 पौंड, त्यातला एक तृतीयांश रोख आणि बाकीचा धान्य-सामानाच्या रूपात. सरपण वेगळे द्यायचे की पगारातच धरायचे, पाद्र्याचे घर त्याच्या मालकीचे की गावाचे, यांवर वाद. ऑक्टोबर 1691 मध्ये गावाने पाच जणांची नवी समिती निवडली आणि तिने पाद्र्याच्या पगारासाठी पट्टी बसवायलाच नकार दिला. हिवाळा तोंडावर, घरात लाकूड नाही. तीन महिन्यांनी त्याच घरात पॅरिसच्या नऊ वर्षांच्या मुलीला, बेटीला, आणि तिथेच राहणाऱ्या अकरा वर्षांच्या ॲबिगेलला झटके सुरू झाले. वर्षभरात त्या समितीतल्या फ्रान्सिस नर्सची बायको फासावर गेली आणि डॅनियल अँड्र्यू पळून गेला म्हणून वाचला.

दुसरे घराणे पुटनम. थॉमस पुटनमच्या वडिलांनी मृत्युपत्रात दुसऱ्या बायकोला आणि तिच्या मुलाला, जोसेफला, झुकते माप दिले. सावत्र भाऊ जोसेफने पुढे पॅरिसविरोधी पोर्टर घराण्याची मुलगी केली आणि तोही त्याच समितीत बसला. थॉमसची बारा वर्षांची मुलगी ॲन ही सर्वांत बोलक्या साक्षीदारांपैकी एक, आणि अनेक जबान्या थॉमसच्याच हस्ताक्षरात आहेत. गावचा माजी पाद्री जॉर्ज बरोज, ज्याचा पुटनमांशी पैशांवरून वाद झाला होता, त्याला मेनमधून धरून आणले आणि चेटक्यांचा म्होरक्या म्हणून फाशी दिले.

इतके जुळते म्हटल्यावर मोह होतो की सगळे दोन तटांचे भांडण म्हणून सांगून टाकावे. तो मोह आवरा. पहिल्या तक्रारीवर चार सह्या आहेत : थॉमस आणि एडवर्ड पुटनम, जोसेफ हचिन्सन आणि थॉमस प्रेस्टन. यांतला हचिन्सन पॅरिसविरोधी समितीतला. आणि प्रेस्टन? रिबेका नर्सचा सख्खा जावई. टिटुबा, सारा गुड आणि सारा ऑस्बर्न या तिघींवर बोट ठेवताना दोन्ही तट एकत्र होते, कारण एक गुलाम, एक दारोदार मागून खाणारी, आणि एक वारशाच्या वादात सापडलेली, चर्चला न येणारी. त्यांच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. महिन्याभरात तेच बोट आपल्या सासूकडे वळेल हे प्रेस्टनच्या ध्यानीमनी नसावे. पहिला बळी निवडताना गाव एक असते आणि फळी नंतर फुटते. कार्यकर्त्याला हस्तक्षेप करायचा असेल तर पहिल्या आठवड्यात का करावा, हे यातून दाखवता येईल.

टिटुबाबद्दल एक कळकळीची विनंती. तिला आफ्रिकन मांत्रिक करून रानात मुलींना नाचवणारी दाखवू नका. कागदपत्रांत ती ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकेतली आदिवासी, भारतीय नव्हे) आहे, आणि रानातल्या नाचाचा कागदोपत्री मागमूस नाही. पीडितांचे मूत्र राईच्या पिठात मळून भाकरी कुत्र्याला घालण्याचा जो तोडगा झाला तो इंग्रज शेजारीण मेरी सिबलीने सुचवलेला, अस्सल इंग्लंडचा. टिटुबाने 1 मार्चपासून कबुली दिली. सैतानाच्या वहीत नऊ खुणा पाहिल्या असे ती म्हणाली, आणि दंडाधिकाऱ्यांना हिशेब मिळाला : तीन सापडल्या, सहा बाकी.

या कबुलीतून आणखी एक उलटा नियम पक्का झाला. युरोपात कबुली म्हणजे मरण. सेलममध्ये कबुली देणारा पुढची नावे सांगायला उपयोगी, म्हणून त्याचा खटला मागे ठेवला जाई. पन्नासेक लोकांनी कबुली दिली. त्यांतला फक्त सॅम्युएल वॉर्डवेल फासावर गेला, तोही कबुली मागे घेतल्यावर. जे खरे बोलले ते मेले, खोटे बोलले ते जगले, आणि जगण्यासाठी प्रत्येकाने आणखी दोघा-तिघांची नावे दिली. कबुलीसाठी आपल्या मुलाला मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत ठेवले, असे जॉन प्रॉक्टरने तुरुंगातून 23 जुलैला बोस्टनच्या पाद्र्यांना लिहिले. 19 ऑगस्टला त्यालाही फाशी झाली.

पैशांचा हिशेब तुमच्या पोस्टरवर नक्की यावा. तुरुंगातले जेवण कैद्याच्या खर्चाने, आठवड्याला अडीच शिलिंग. सारा गुड आणि सारा ऑस्बर्न यांच्या बेड्यांचे 14 शिलिंग बिलात लावलेले आहेत. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगी डोरोथी, तीही कित्येक महिने साखळीत. निर्दोष सुटले तरी बाकी फेडल्याशिवाय दार उघडत नसे. टिटुबाला ती बाकी भरणाऱ्याला विकले गेले. शेरीफ जॉर्ज कॉर्विनने जप्त्या केल्या. जाइल्स कोरीने जमीन वाचवण्यासाठी मरण पत्करले, ही गोष्ट सांगायला छान आहे, पण त्याने जुलैमध्येच जमीन दोन जावयांच्या नावे करून दिली होती. तरी शेरीफने दटावून त्याच्या मुलीकडून 11 पौंड 6 शिलिंग उकळलेच.

गहू-राईवरच्या बुरशीने विषबाधा होऊन मुलींना भास झाले, हा 1976 मधला तर्क अजून फिरतो आहे. तो सोडून द्या. विषबाधा आरोपी दारातून आत येताच सुरू होत नाही आणि तिने हात लावताच थांबत नाही.

लाट थांबली कशी? 15 जूनला पाद्र्यांनी दिलेल्या मताचा यात फारसा हातभार नाही. त्यात छायेच्या साक्षीबद्दल सावधगिरीचे अनेक परिच्छेद होते आणि शेवटी ‘तातडीने, जोमाने खटले चालवा’ असे वाक्य. न्यायालयाने शेवटचे वाक्य तेवढे उचलले. सावध सल्ला देताना शेवटचे वाक्य जपून लिहावे, इतके तरी त्यावरून शिकता येते. खरा फरक पडला तो आरोप वरच्या थरात पोचल्यावर. मोठे व्यापारी, पाद्र्यांच्या घरच्या बायका, अखेर खुद्द फिप्सच्या पत्नीचेही नाव घेतले गेले. ॲन्डोव्हरवाल्यांनी बोस्टनच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाचे नाव घेतले, तेव्हा त्याने आरोप करणाऱ्यांवर 1,000 पौंडांचा अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची तयारी केली आणि तिथली तोंडे बंद झाली, असे त्या काळच्या एका टीकाकाराने नोंदवले आहे. 3 ऑक्टोबरला इन्क्रीज मॅदर यांनी एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असे मांडले. 8 ऑक्टोबरला व्यापारी थॉमस ब्रॅटल याने न्यायालयाच्या पद्धतीची कलमवार चिरफाड करणारे पत्र लिहिले, जे हातोहात फिरले. महिनाअखेर विधिसभेने 33 विरुद्ध 29 मतांनी उपवासाचा आणि पाद्र्यांची परिषद बोलावण्याचा ठराव केला. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला, आणि फिप्सने न्यायालय गुंडाळले.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा शिकवताना ही तुलना वापरून पाहा. सेलममध्ये कायदा आरोप करणाऱ्याच्या हातातले शस्त्र होता. बोट दाखवायला खर्च शून्य. आपल्या कायद्यात अमुक व्यक्ती करणी करते असे सांगत तिला छळणे हाच गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. बोट दाखवण्याची किंमत वाढवणे, हे काम तो करतो, आणि 1,000 पौंडांच्या त्या दाव्याने नेमके तेच केले होते. डाकीण ठरवल्याच्या प्रकरणात तुम्ही कार्यकर्त्यांना सातबारा पाहायला सांगता, विधवेच्या वाट्याची जमीन कोणाला हवी आहे ते शोधायला सांगता. मग सेलमच्या बाबतीतच ‘अडाणीपणा’ म्हणून का सोडता? तिथलाही सातबारा पाहा. सेलमला दहा मिनिटे देत असाल तर आठ मिनिटे सनद, सरपण, छायेची साक्ष आणि तुरुंगाचे बिल यांना द्या. ज्वाळांचे चित्र मात्र आजच काढून टाका.

नंतरचे थोडक्यात. जानेवारी 1697 मध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याचा माफीनामा पाद्र्याने वाचून दाखवला. बारा ज्यूरींनीही लेखी माफी मागितली. 1706 मध्ये ॲन पुटनमने. 1711 च्या कायद्याने काही जणांवरचा कलंक पुसून 578 पौंड 12 शिलिंग भरपाई मंजूर केली, आणि त्याच कायद्यात शेरीफ व तुरुंगाधिकाऱ्यांवर कोणी दावा लावू नये अशी तरतूदही करून ठेवली. दोषी ठरलेल्यांपैकी कलंक पुसायची राहिलेली शेवटची व्यक्ती, एलिझाबेथ जॉन्सन, 2022 मध्ये निर्दोष ठरली, तीही शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. स्टाउटनने कधीच माफी मागितली नाही. तो पुढे अनेक वर्षे हंगामी गव्हर्नर होता आणि 1701 मध्ये पदावर असतानाच वारला. बोस्टनच्या दक्षिणेला 1726 मध्ये वसवलेल्या गावाला त्याचे नाव दिले, ते अजून आहे.

आपले,
वसाहतकालीन न्यायव्यवस्थेचे काही अभ्यासक